लेनरच्या घरची मुलगी

पडदा वर जातो. शनिवार, दुपारचे दोन. स्थळ, हिंटरफाल गावातली जुनी लोहारशाळा, आता स्की भाड्याने देण्याचं दुकान. डाव्या हाताला भिंतीला टेकून उभ्या असलेल्या स्कींची रांग, उजव्या हाताला बुटांची मांडणी, मध्ये लाकडी बाक आणि बाकांसमोर नुसते मोज्यांतले पाय. चाळीस-पन्नास पाय. ओल्या लोकरीचा, वितळलेल्या मेणाचा आणि कुणीतरी प्रवासातून उरवून आणलेल्या उकडलेल्या अंड्यांचा वास. एक बाळ रडतंय. एका नवऱ्याचा पाय बुटात अडकलाय आणि बायको त्याला दोन्ही हातांनी ओढतेय. शनिवार म्हणजे आमच्याकडे पाहुणे बदलण्याचा दिवस. गेल्या आठवड्याचे सकाळी जातात, या आठवड्याचे दुपारी येतात, आणि आलेला प्रत्येक जण पिशव्या खोलीत टाकून तडक इथे येतो.

अशा भरल्या रंगमंचावर मागच्या दाराने विन्झ येतो. नायकाला शोभेल असा प्रवेश मुळीच नाही. डोक्यावर टोपी, गळ्यात निळा एप्रन, एप्रनच्या खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि उजवा पाय जरा बाहेर फेकत चाललेली ती चाल. तो कुणाला नमस्कार करत नाही. सरळ पहिल्या बाकापाशी जातो, समोरच्या गृहस्थाच्या पायांकडे बघतो आणि म्हणतो, "ऊठ. चालून दाखव."

तो गृहस्थ म्युनिकचा दंतवैद्य असो नाहीतर न्यायाधीश, त्याला 'ऊठ'च. हजार मीटरच्या वर आमच्याकडे कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही.

मी गल्ल्यामागे बसून चिठ्ठ्या लिहायचे. उन्हाळ्यात गावच्या नाटकमंडळीत बावीस वर्षं राण्या केल्या, सावत्र आया केल्या, एकदा तर साक्षात मृत्यू केला. हिवाळ्यात मात्र बुटांचे नंबर. म्हणून विन्झ मला 'राणीसाहेब' म्हणायचा, आणि तेही बहुतेक वेळा बुटांच्या वासावरची पावडर मागताना.

विन्झचं कागदोपत्री आडनाव काय, ते मला त्याच्या पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. टपालवाल्यालाही नव्हतं. त्या नावाने आलेलं एक सरकारी पत्र त्याने 'अशी व्यक्ती गावात नाही' असा शेरा मारून परत धाडलं होतं, आणि टपालवाला विन्झचा सख्खा मावसभाऊ होता. आमच्याकडे माणूस घराच्या नावाने ओळखला जातो. घर लोहाराचं, म्हणून हा लोहाराचा विन्झ. घर उद्या दुसऱ्याने घेतलं तरी तोही लोहाराचाच होणार. माणसं येतात-जातात, घराचं नाव राहतं. आम्हाला यात काही वेगळं वाटायचं नाही. त्यामुळे पाहुणे आले की त्यांनाही आम्ही तसंच करायचो. लेनरच्या घरी उतरलेला बाप तो लेनरचा बाप, त्याची बायको लेनरची आई. एक आठवडा ते लेनरचेच. चिठ्ठीवर मी तसंच लिहायचे, विन्झ तसंच वाचायचा, आणि तीस हिवाळ्यांत कधी काही बिघडलं नव्हतं.

विन्झचा पाय एकोणिसाव्या वर्षी अधू झाला. तेव्हा तारेचे चाप होते. बूट एकदा स्कीवर तारेने आवळला की आवळला. विन्झ वरच्या कुरणावरून येताना पडला, स्की एका बाजूला वळली, पाय दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये काय झालं ते तो कधी सांगायचा नाही. वाळकी फांदी मोडून दाखवायचा फक्त. रस्ता बर्फाने बंद होता, डॉक्टर तिसऱ्या दिवशी आला. पुढे नवे चाप आले. त्यांच्यात स्प्रिंग असते, माणूस पडला की बूट आपोआप सुटतो. स्प्रिंग किती ताणायची ते एका स्क्रूने ठरतं. स्क्रूशेजारी बोटाच्या नखाएवढी खिडकी असते, त्यात आकडा दिसतो. हलक्या आणि नवख्या माणसाला लहान आकडा, जड आणि सराईत माणसाला मोठा. आकडा लहान झाला तर स्की उगाच सुटते आणि मोठा झाला तर सुटतच नाही.

"धरणारं कुणीही बनवेल," विन्झ म्हणायचा, "मला सोडणारं पाहिजे."

आकड्यासाठी वजन विचारावं लागतं, आणि वजनाच्या बाबतीत माणूस देवळातही खरं बोलत नाही. बायका पाच किलो खाली सांगायच्या. पुरुष वजन खरं सांगायचे, पण 'स्की किती येते?' म्हटलं की दोन पायऱ्या वर चढायचे. विन्झ त्यांच्या खांद्याआडून माझ्याकडे बघायचा आणि बोटं वर करायचा. तीन बोटं म्हणजे तीन किलो मिळव. मूठ म्हणजे हा गृहस्थ थापा मारतोय, नवखा लिही. समोरच्याला पत्ता नाही. आमचा हा मूकनाट्याचा प्रयोग दर शनिवारी हाऊसफुल्ल.

आता त्या शनिवारचं सांगते. लेनरची झेन्सी, म्हणजे त्या घराची मालकीण, दोन कुटुंबं घेऊन एकदमच आली. एरवी ती एकच कुटुंब ठेवायची. त्या वर्षी तिने धान्याच्या माळ्यावर दोन खोल्या काढल्या होत्या. एक कुटुंब हॉलंडमधल्या झ्वोलेचं, एक ब्रेमेनचं. आई, आई, बाप, बाप, आजोबा, पोरं. सगळे एकमेकांत मिसळून बाकांवर बसले आणि एकमेकांचे बूट घालून बघायला लागले.

"झेन्सी, यातले कुठले कुणाचे?" मी विचारलं.

"सगळे माझे!" झेन्सी म्हणाली आणि केक भट्टीत आहे म्हणून निघून गेली.

विन्झ एकेकाला उभं करत होता, स्की निवडून भिंतीला लावत होता, आणि मी चिठ्ठी लिहून त्या स्कीच्या चापात खोचत होते. मागे रांग दारापर्यंत. मग त्याने ओळीने स्क्रू फिरवले. चार वाजता सगळे आपापल्या स्की खांद्यावर टाकून गेले. जाताना झ्वोलेच्या आजोबांनी माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मला वाटलं, प्रयोग छान झाला.

रविवारी सकाळी दहाला दार उघडलं आणि ब्रेमेनच्या कुटुंबातली मुलगी आत आली. बावीस-तेवीसची, वल्हवणाऱ्यांसारखे भक्कम खांदे, नाव गेसा. हे नाव मला नंतर कळलं. एक स्की काखेत, एक हातात, आणि केसांत बर्फ.

"काय दिलंत हो तुम्ही मला हे?" ती म्हणाली. "प्रत्येक वळणाला सुटतंय. सकाळपासून सहा वेळा तोंडावर पडलेय. लहानपणापासून स्की करते मी, माझा भाऊ हसतोय मला!"

"बस," विन्झ म्हणाला. त्याच्या हातात पाव आणि धुरावलेल्या मांसाचा तुकडा होता, तो त्याने खिडकीत ठेवला. स्की आडवी घेतली, चापाच्या खिडकीतल्या आकड्यावरचा बर्फ अंगठ्याने पुसला आणि बघत राहिला.

"वजन किती तुझं?"

"चौसष्ट. कालच सांगितलं की."

"अडीच लागलंय," विन्झ माझ्याकडे न बघता म्हणाला. "राणीसाहेब, चिठ्ठ्या."

चिठ्ठ्या खिळ्याला टोचलेल्या असतात. मी काढल्या. पहिली: लेनर, मुलगी, बूट अडतीस, चौसष्ट किलो, सराईत, आकडा सहा. मी पुढची काढली. लेनर, मुलगी, बूट अडतीस, छत्तीस किलो, नवखी, आकडा अडीच. दोन्हींवर माझंच सुवाच्य अक्षर.

मला आधी काही कळेना. एकाच मुलीच्या दोन चिठ्ठ्या? मग एका मुलीचं वजन दोनदा का घेतलं? की दोन मुली? मग दुसरी कुठली? मला आठवेना. काल मी निदान बारा मुली बघितल्या होत्या.

विन्झला माझ्या आधी कळलं. त्याचा चेहरा मी मृत्यू केला तेव्हा लावलेल्या पिठासारखा झाला.

"हिला तिचं लागलंय," तो म्हणाला. "मग तिला हिचं लागलंय. छत्तीस किलोच्या पोरीला सहा."

"म्हणजे?" गेसाने विचारलं.

"म्हणजे ती पडली तर स्की सुटणार नाही. पाय सुटेल."

मी झेन्सीला फोन लावला. विन्झने तो माझ्या हातून घेतला.

"झेन्सी, तुझ्या घरची मुलगी कुठे आहे?"

"कुठली? माझी इन्सब्रुकला असते."

"पाहुण्यांची गं!"

"मग तसं बोल की. माळ्यावरची की खालची?"

"बारीक, नवखी, मोठ्या पावलांची."

"हां, ती. हॉलंडची. सकाळी माझ्या पावाला चॉकलेटचे दाणे लावून खाते. घरून डबा भरून आणलेत बघ, माझं जरदाळूचं जाम तसंच पडून आहे—"

"झेन्सी! नाव काय तिचं?"

 मग झेन्सी म्हणाली, "बाप डॉक्टर आहे."

गेसालाही नाव ठाऊक नव्हतं. ते कागदावर होतं, कागद गावच्या कचेरीत होते, आणि रविवारी कचेरी बंद. मुलगी साडेनवालाच स्कीच्या शाळेत गेली होती आणि आईबाप दुसऱ्या डोंगरावर.

विन्झने टोपी घातली. गेसा म्हणाली, "आणि माझं काय?" विन्झ म्हणाला, "तू दुकान सांभाळ. कुणी आलं तर चालून दाखवायला सांग." आणि आम्ही निघालो.

विन्झ दहा वर्षांत डोंगरावर गेला नव्हता. लिफ्टच्या माणसाने त्याला बघितलं आणि तारेवरून सरकणारी खुर्चीच हळू केली.

"विन्झ? तू वर? कोण मेलं?"

"अजून कुणी नाही," विन्झ म्हणाला.

खुर्चीत माझ्या शेजारी बसून तो सगळा वेळ आपल्या हाताकडे बघत होता. खाली पाइनची झाडं सरकत होती आणि तो बोलत होता. माझ्याशी, की हाताशी, ते मला ठरवता येईना.

"चिठ्ठी अदलाबदल झाली, ते ठीक. ते तुझं."

"माझंच," मी म्हणाले. "दोन्ही स्की शेजारी होत्या. मी कुठे काय खोचलं, देव जाणे."

"पण स्की दीडशे सेंटिमीटरची होती तिची. पोरीची स्की! मी स्वतः काढून दिली. दीडशेच्या स्कीला सहा? आणि एकशेऐंशीला अडीच? एकदा नाही, चारदा फिरवला असेन मी स्क्रू. दोन पुढे, दोन मागे. आंधळ्यालाही कळलं असतं. मग मला कसं नाही कळलं?"

"गर्दी होती रे."

"गर्दी तीस वर्षं आहे." तो थांबला. "हात कुणाचा होता तो?"

 रंगमंचावर कुणी वाक्य विसरलं तर मी कडेहून हळूच पुरवलेलं आहे. इथे मला वाक्यच माहीत नव्हतं.

शिकाऊ उतारावर पोचलो तर बावीस पोरं, आणि बावीसच्या बावीस शाळेच्या पिवळ्या अंगरख्यांत. सगळ्यांच्या टोप्या नाकापर्यंत. बदकांच्या पिलांसारखी आडवीतिडवी घसरत होती. विन्झ मास्तरकडे गेला.

"लेनरची मुलगी कुठली?"

"लेनरची मुलगी?" मास्तर गावचाच. "तिला दोन पोरं झाली की आता."

"ती नव्हे रे गाढवा! पाहुण्यांची!"

"नाव सांग."

"नाव असतं तर तुला विचारलं असतं का?"

"मग माझ्याकडे कशी असेल लेनरची मुलगी? माझ्याकडे नावं आहेत." त्याने यादी काढली. परकी, अवघड नावं, तीन ओळी भरून. विन्झने ती माझ्या हातात दिली, मी त्याच्या हातात दिली. आम्हाला दोघांनाही काही उपयोग नाही. मी एकेका पोराच्या बुटांकडे बघत फिरले. सगळे बूट आमचेच, सगळे निळे. एका मुलीला विचारलं, बाळ, तू लेनरकडे उतरलीस का? ती रडायला लागली. नंतर कळलं, तो मुलगा होता.

विन्झ मध्येच उभा राहिला. त्याने डोळे मिटले, मला वाटलं हा आता पडतो. मग त्याने उघडले आणि मास्तरला विचारलं, "पडल्यावर कुणाची स्की सुटत नाही?"

"सगळ्यांची सुटते. सकाळपासून वाकून वाकून माझी कंबर गेली. हां, एक आहे. लांबडी. ती पडते, पण हिची स्की कधी सुटत नाही. तशीच उठते, हसते. कौतुक आहे पोरीचं. म्हणून तिला आत्ता वर पाठवलं."

"वर कुठे?"

मास्तरने काठी उचलली. शिकाऊ उताराच्या वर, कुंपणापलीकडे, खऱ्या उताराच्या माथ्यावर एक पिवळा ठिपका उभा होता. उंच, बारीक, गुडघे एकमेकांना टेकलेले, पावलं आत वळलेली.

"तीच," विन्झ म्हणाला. आता त्याला ती दिसली, म्हणजे आठवली. "काल अशीच उभी होती माझ्यासमोर. तीच ती."

आणि त्याच क्षणी तो ठिपका हलला.

"ओरड, राणीसाहेब."

"काय ओरडू? नाव नाही!"

"नाव गेलं खड्ड्यात, थांब म्हण!"

बावीस वर्षं मी गावच्या सराईच्या दिवाणखान्यातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला होता. त्या दिवशी मी तो सगळा एका शब्दात घातला. "थांऽऽब!"

आणि सगळा डोंगर थांबला. मी खोटं सांगत नाही. उतारावरची निदान चाळीस माणसं जिथल्या तिथे थबकली. एक धर्मगुरू थांबला, एक जोडपं भांडता भांडता थांबलं, लिफ्टवाल्याने लिफ्ट थांबवली. फक्त ती थांबली नाही. तिला थांबता येत नव्हतं, तेच तर शिकायला ती आली होती.

ती सरळ खाली येत होती. हात पसरलेले, तोंड उघडं, काठ्या कुठेतरी गेलेल्या. विन्झ चालायला लागला. वर, बर्फातून, पाय फेकत. ती कुंपणापाशी आली, तिची उजवी स्की बर्फाच्या ढिगात घुसली, ती फिरली आणि कोसळली. स्की सुटली नाही. मला ती स्की बर्फातून उभी वर आलेली दिसली आणि तिच्या टोकाला बूट अजून तसाच होता. पुढचं मी बघितलं नाही. मृत्यूची भूमिका केलेली बाई मी, पण मी डोळ्यांवर हात घेतला.

हात काढला तेव्हा विन्झ तिच्याजवळ गुडघ्यावर बसला होता. मी धापा टाकत पोचले. मुलगी पाठीवर पडली होती, गालांना बर्फ चिकटलेला, आणि ती हसत होती.

"माझी सुटत नाही," ती मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. "सगळ्यांची सुटते. माझी नाही."

 विन्झ तिची नडगी वरून खाली दाबत येत होता, घोड्याचा पाय तपासतात तशी.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही. इथे थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

ती विचारात पडली. "काल बुटाने दुखत होतं, तेवढं."

विन्झने श्वास सोडला. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पुढचा स्क्रू उलटा फिरवायला लागला. टोक खाचेत बसेना. मी त्याचं मनगट धरलं. त्याने ते सोडवलं नाही. असे आम्ही दोघांनी मिळून चारही स्क्रू अडीचवर आणले, आणि प्रत्येक वेळी तो खिडकीवरचा बर्फ पुसून मला विचारायचा, "वाच. काय दिसतंय?" मी वाचायचे. मग तो स्वतः वाचायचा. मग पुन्हा मला विचारायचा.

पुढच्या हिवाळ्यात त्याने स्क्रूचं काम सोडलं. बूट चढवायचा, चालून दाखवायला सांगायचा, बोटं वर करायचा, पण स्क्रूड्रायव्हर त्याने माझ्या हातात दिला आणि आकडे माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचा. चिठ्ठीवर पाहुण्यांची नावं आली. ती मला नीट उच्चारता यायची नाहीत आणि त्याला तर मुळीच नाही, त्यामुळे दुकानात सारखा आरडाओरडा. तो हात त्या दिवशी का चुकला, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. अधूनमधून गिऱ्हाईक नसताना तो दीडशेची एक स्की मांडीवर घेऊन बसायचा आणि तिच्याकडे नुसता बघायचा. 

पण त्या सकाळी मुलीला वेगळीच काळजी. तिने खिडकीत बघितलं, आधीचा सहा आठवला, आताचा अडीच दिसला, आणि तिचा चेहरा पडला.

"आता माझी सुटणार?"

"सुटणार."

"सगळ्यांसारखी?"

"सगळ्यांसारखी."

"मग मास्तर मला परत खाली पाठवेल."

"पाठवेल," विन्झ म्हणाला. "नाव काय तुझं?"

"ईफके."

त्याने ते दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा चुकीचं. तिने दुरुस्त केलं नाही. विन्झने तिला दोन्ही काखांत धरून उभं केलं, स्की आडव्या लावून दिल्या आणि स्वतः दोन पावलं मागे सरला. ईफके रुसून उभी होती. खाली मास्तर शिट्टी मारत होता. लिफ्ट पुन्हा सुरू झाली होती.

"पड," विन्झ म्हणाला.

तिला कळेना. तिने माझ्याकडे बघितलं. मलाही कळेना.

"पड म्हणतो ना. उजवीकडे. मला बघायचंय."

ती पडली. चापाचा खट्ट आवाज आला आणि उजवी स्की बाजूला घसरली. विन्झने ती उचलली, बूट परत चापात बसवला, तिच्या पाठीवरचा बर्फ झटकला आणि पुन्हा दोन पावलं मागे सरला.

"छान. आता डावीकडे पड."